जगातील सर्वोच्च पर्वत : त्यांची उंची, त्यांचे वेगळेपण आणि त्यांचे ओझे वाहणारे

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत धम्म, चळवळ, शिक्षण व समाजप्रबोधन या विषयांवरील लेख दरवर्षी येतात. या वेळी आम्ही थोडा वेगळा विषय निवडला आहे. पर्वतांचा आणि समाजकल्याणाचा काय संबंध, असे काही वाचकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु जगातील सर्वांत उंच पर्वत ज्या प्रदेशात आहेत त्याच्या पायथ्याशी लुंबिनी आहे, त्याच्या खोऱ्यांतून बौद्ध वस्ती आहे, आणि त्या पर्वतांच्या मोजणीचा व चढाईचा इतिहास पाहिला तर ओझे कोणी वाहिले आणि नाव कोणाचे झाले हा आपल्या ओळखीचा प्रश्न तेथेही उभा राहतो. म्हणून हा प्रपंच.

प्रथम साधी माहिती पाहू. समुद्रसपाटीपासून ८००० मीटरपेक्षा उंच अशी स्वतंत्र शिखरे जगात चौदा मानली जातात. त्यांपैकी दहा हिमालयात आणि चार काराकोरम रांगेत आहेत. एव्हरेस्ट ८८४८.८६ मीटर, के-टू ८६११, कांचनजंगा ८५८६, ल्होत्से ८५१६ आणि मकालू ८४८५ मीटर ही पहिली पाच. त्यानंतर चो ओयू, धौलागिरी, मनास्लू, नांगा पर्वत, अन्नपूर्णा, गाशेरब्रुम-एक, ब्रॉड पीक, गाशेरब्रुम-दोन आणि शेवटी तिबेटातील शिशापांग्मा. या चौदांपैकी आठ नेपाळात किंवा नेपाळच्या सीमेवर आहेत. आशिया खंडाबाहेरचा सर्वांत उंच पर्वत म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अकोंकाग्वा. तो ६९६१ मीटरचा, म्हणजे सात हजारांनाही पोहोचत नाही. आफ्रिकेचा किलिमांजारो ५८९५ मीटर आणि आपल्या महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. पाच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी एव्हरेस्टच्या माथ्याला सहाशे मीटर कमीच पडतील.

मात्र 'सर्वांत उंच' म्हणजे कोठून मोजले, हे आधी विचारले पाहिजे. हवाई बेटावरील मौना केया हा ज्वालामुखी समुद्रसपाटीपासून अवघा ४२०७ मीटर आहे. पण त्याचा पाया समुद्राच्या तळाशी आहे, आणि तेथून मोजल्यास तो दहा हजार मीटरच्या वर जातो. दुसरे उदाहरण इक्वेडोर देशातील चिंबोराझोचे. पृथ्वी ही अगदी चेंडूसारखी गोल नाही. विषुववृत्तापाशी ती फुगलेली आहे, त्यामुळे केंद्रापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर ध्रुवापर्यंतच्या अंतरापेक्षा सुमारे २१ किलोमीटरने अधिक भरते. चिंबोराझो फक्त ६२६३ मीटरचा, परंतु विषुववृत्ताजवळ असल्याने त्याचा माथा पृथ्वीच्या केंद्रापासून एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा सुमारे दोन किलोमीटर दूर आहे. तेव्हा मोठेपणा हा मोजपट्टी कोठे लावली यावर पुष्कळसा अवलंबून असतो. समुद्रसपाटी ही सर्वांनी मान्य केलेली पट्टी म्हणून एव्हरेस्ट पहिला, इतकेच.

आता हे पर्वत झाले कसे, ते पाहू. पृथ्वीचे कवच अखंड नसून मोठमोठ्या तुकड्यांचे आहे व हे तुकडे अत्यंत सावकाश सरकत असतात. आपण ज्यावर राहतो तो भारतीय तुकडा फार पूर्वी दक्षिण गोलार्धात आफ्रिका, अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलियाला चिकटलेला होता. तो सुटला आणि उत्तरेकडे निघाला. एका टप्प्यावर त्याची गती वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक होती, जी भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने धावत सुटल्यासारखीच म्हणावी लागेल. या प्रवासात, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारतीय भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतानाच तिला भेगा पडून लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. त्याच थरांतून आपला सह्याद्री कोरला गेला. कार्ले, भाजे, अजिंठा, वेरूळ, कान्हेरी येथील लेणी भिक्खूंसाठी ज्या काळ्या खडकात खोदली गेली तो खडक असा आहे. तो हिमालयाहून वयाने मोठा आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

भारत आणि आशिया यांच्या मध्ये त्या वेळी टेथिस नावाचा समुद्र होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय तुकडा आशियाला जाऊन भिडला, मधला समुद्र मिटला आणि त्याच्या तळाशी साठलेला गाळ दुमडून वर येऊ लागला. खडकाचा एक तुकडा दुसऱ्याखाली सहज शिरला असता तर इतके उंच पर्वत झाले नसते. दोन्ही बाजूंना जाड पण वजनाने हलके असे भूखंडाचे कवच होते, त्यामुळे ते एकमेकांवर चढले व दुप्पट जाड झाले. पाण्यात तरंगणाऱ्या लाकडाच्या जाड ओंडक्याचा वरचा भागही जास्त वर राहतो आणि खालचा भागही जास्त खोल जातो, तसेच हे. हिमालयाच्या खालीही त्याची खोल मुळे आहेत. हेच या पर्वतांचे खरे वेगळेपण होय. ज्वालामुखीचा पर्वत ठराविक जागी साचत जातो. हे पर्वत दोन भूखंडांच्या रेट्यातून झाले आहेत आणि तो रेटा अजून थांबलेला नाही. भारत आजही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो व त्यांपैकी सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयात दाबले जातात. हा दाब साठतो आणि अधूनमधून भूकंपाच्या रूपाने मोकळा होतो. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात झालेल्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तो याच दाबाचा परिणाम होता. कोणाच्या पापाचा वा देवाच्या कोपाचा नव्हे.

एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावरचा खडक चुनखडीचा आहे. पंचेचाळीस कोटी वर्षांहून जुन्या समुद्रातील जीवांचे अवशेष त्यात सापडतात. म्हणजे जगातील सर्वांत उंच जागा ही एके काळी समुद्राचा तळ होती. पाली साहित्यात विश्वाच्या मध्यभागी सिनेरू नावाचा पर्वत कल्पिलेला आहे व त्याची उंची चौऱ्यांशी हजार योजने सांगितली आहे. ही त्या काळची कल्पना होती व ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु अंगुत्तर निकायातील सत्तसुरिय सुत्तात तथागतांनी याच सिनेरूचे उदाहरण घेऊन तोही एक दिवस नष्ट होणारा आहे, असे भिक्खूंना सांगितले. ज्याला लोक अचल म्हणतात तोच अनित्यतेचा दाखला म्हणून त्यांनी निवडला, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. भूगर्भशास्त्रही पर्वताला स्थिर मानत नाही. रेट्याने तो वर येतो. हिमनद्या, पाऊस व नद्या त्याला झिजवतात. पृथ्वीवर पर्वताच्या उंचीला नऊ किलोमीटरच्या आसपास मर्यादा पडते ती खडकाचे वजन आणि ही झीज यांमुळे. मंगळावर गुरुत्वाकर्षण कमी आहे व कवच सरकत नाही, म्हणून तेथील ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी वीस किलोमीटरहून उंच वाढू शकला.

उंचीमुळे दुसरा फरक पडतो तो हवेचा. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही शेकडा एकवीसच असते. पण हवेचा दाब घटतो, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तो समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे एक तृतीयांश उरतो. प्रत्येक श्वासाला मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी. तेथे पाणी सत्तर अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे डाळ-भात शिजण्याची आशाच नको. आठ हजार मीटरच्या वर शरीर कितीही सरावले तरी झिजतच जाते. झोप लागत नाही, अन्न पचत नाही, विचार गोंधळतो. म्हणून गिर्यारोहक त्या पट्ट्याला 'मृत्यूक्षेत्र' म्हणतात. ८००० हा आकडा माणसाने मीटर नावाचे माप ठरवले म्हणून गोल दिसतो, हे खरे. पण शरीराच्या सहनशक्तीची सीमाही योगायोगाने तेथेच जवळपास पडते.

तिबेटी व शेर्पा लोक उंचावर अधिक सहज वावरतात. याचे कारण अनेक पिढ्यांत त्यांच्या शरीरात रुजलेला बदल होय. आपण उंचावर गेलो की रक्तातील तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते व हृदयावर ताण येतो. तिबेटी लोकांत ही वाढ मर्यादित राहते, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याच्याशी निगडित अशी आनुवंशिक खूण दाखवून दिली गेली. परंतु म्हणून शेर्पा थंडीने गारठत नाहीत वा हिमप्रपातात गाडले जात नाहीत, असे समजणे चूक आहे. हा गैरसमज सोयीचा असल्यामुळेच टिकला, असे आमचे मत आहे.

आता या लेखाच्या मुख्य भागाकडे वळू. एव्हरेस्टची उंची ठरली ती त्यावर कोणी चढण्याच्या शंभर वर्षे आधी. इंग्रजांनी १८०२ साली मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. एक रेषा जमिनीवर अचूक मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे आणि गणिताने उरलेल्या दोन बाजू काढायच्या. मग त्यातील एक बाजू पाया धरून पुढचा त्रिकोण. अशी त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेण्यात आली. या कामाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काम करता करताच वारला. कोन मोजण्याचे मोठे यंत्र अर्धा टन वजनाचे होते व ते वाहून न्यायला बारा माणसे लागत. जंगलातून, चिखलातून, हिवतापाच्या प्रदेशातून ते कोणी खांद्यावर नेले असेल, हे वेगळे सांगायला नको. त्या माणसांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत.

नेपाळची सरहद्द बंद असल्याने १८४९-५० च्या सुमारास बिहारच्या सपाटीवरून, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून, 'पंधरावे शिखर' असे नाव दिलेल्या टोकाचे कोन घेतले गेले. इतक्या अंतरावर पृथ्वीची वक्रता आड येते आणि हवेच्या निरनिराळ्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतो. ही सर्व आकडेमोड करणाऱ्या विभागाचा प्रमुख गणक होता राधानाथ सिकदार. १८१३ मध्ये जन्मलेला, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेला हा तरुण १८३१ मध्ये मोजणी खात्यात लागला. १८५२ साली पंधरावे शिखर हे जगातील सर्वांत उंच असल्याचे गणिताने निघाले व १८५६ मध्ये अँड्र्यू वॉ याने २९,००२ फूट हा आकडा जाहीर केला. आजच्या उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीशी ताडून पाहिल्यास त्यात तीस फुटांच्या आसपासच फरक पडतो! सिकदार धावत साहेबाच्या खोलीत गेला व 'मी जगातले सर्वोच्च शिखर शोधले' असे म्हणाला, ही गोष्ट शाळेत सांगतात. ती रंगवलेली असावी, कारण त्या काळी सिकदार कलकत्त्यात होता आणि वॉ साहेब डेहराडूनकडे. गोष्ट खोटी ठरली तरी गणित खोटे ठरत नाही.

वॉने शिखराला आपल्या आधीच्या अधिकाऱ्याचे, जॉर्ज एव्हरेस्टचे नाव सुचवले. एव्हरेस्टचा या शिखराच्या शोधाशी थेट संबंध नव्हता, आणि आपले नाव येथील लोकांना उच्चारता येणार नाही असे म्हणून त्याने स्वतःच हरकत घेतली होती. तरीही १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तेच नाव कायम केले. तिबेटी लोक त्या शिखराला पूर्वीपासून चोमोलुंग्मा म्हणत. नेपाळातील आजचे 'सगरमाथा' हे नाव इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी विसाव्या शतकात दिले. सिकदारच्या वाट्याला काय आले? मोजणीशास्त्राच्या एका प्रमाण ग्रंथात त्याने मोलाचे काम केले होते, व १८५१ च्या पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याचा ऋणनिर्देश होता. १८७० मध्ये तो वारला आणि १८७५ च्या आवृत्तीतून त्याचे नाव गाळले गेले.

याच सिकदारची आणखी एक हकीकत आम्हांला गणितापेक्षाही मोठी वाटते. १८४३ साली डेहराडून येथे एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने मोजणी खात्यातील मजुरांना आपल्या खाजगी कामासाठी फुकट राबवले. सिकदारने ते थांबवले. त्याबद्दल त्याच्यावर खटला झाला आणि दोनशे रुपये दंड झाला. त्या काळी दोनशे रुपये ही लहान रक्कम नव्हती. सिकदार स्वतः ब्राह्मण कुटुंबातला, चांगल्या हुद्द्यावरचा. हमालांच्या वेठीशी त्याला काही देणेघेणे नाही असे तो म्हणू शकला असता. वेठबिगार म्हणजे काय हे महार वतनाच्या काळात आपल्या आजा-पणजांनी भोगले आहे आणि ते वतन मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात बिल मांडले होते. म्हणून ही घटना आपल्या मुलांना ठाऊक असावी असे वाटते.

चढाईचा इतिहासही याहून निराळा नाही. 'शेर्पा' हा शब्द आज ओझे वाहणारा या अर्थाने वापरतात. खरे तर ते तिबेटातून आलेल्या एका समाजाचे नाव असून त्याचा अर्थ 'पूर्वेकडचे लोक' असा आहे. हा समाज महायान परंपरेचा बौद्ध आहे. एव्हरेस्टच्या वाटेवरचा त्यांचा तेंगबोचे विहार १९१६ मध्ये स्थापन झाला, १९३४ च्या भूकंपात पडला, १९८९ मध्ये आगीत जळला आणि दोन्ही वेळा लोकांनी पुन्हा उभारला. १९२२ च्या ब्रिटिश मोहिमेत एव्हरेस्टवर हिमप्रपात कोसळून पहिले बळी गेले ते सात हमालांचे. १९३९ मध्ये के-टूवर डडली वुल्फ हा अमेरिकन वरच्या तळावर अडकला. त्याला सोडवण्यासाठी पासांग किकुली आपल्या दोन सोबत्यांसह पुन्हा वर गेला, आणि ते तिघेही परतले नाहीत. के-टू १९५४ मध्ये इटालियनांनी जिंकला. त्यांच्यासाठी प्राणवायूच्या टाक्या वर नेणाऱ्या हुंझाच्या अमीर मेहदीला एका इटालियन सोबत्यासह आठ हजार मीटरच्या वर उघड्यावर रात्र काढावी लागली, आणि त्याच्या पायांची बोटे गेली. विजयाच्या छायाचित्रात तो नाही.

२९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे व एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. 'आधी कोण?' या प्रश्नाने तेनसिंगला पुढे फार छळले. हिलरीचे पाऊल आधी पडले, मी काही पावले मागे होतो, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगून टाकले. माथ्यावर त्याने बर्फात छोटा खड्डा करून खाऊ अर्पण केला. हिलरीला 'सर' ही पदवी मिळाली आणि तेनसिंगला जॉर्ज पदक. पण १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट निघाली तेव्हा शिकवण्याची जबाबदारी तेनसिंगकडे आली, आणि जो हमाल म्हणून मोहिमांबरोबर जाऊ लागला होता तो गुरू झाला.

१८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. ते इतरांसाठी दोर व सामान वर नेत होते. सरकारने प्रत्येक कुटुंबाला तातडीची मदत म्हणून चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले तेव्हा कामगारांनी काम बंद केले व त्या बाजूचा तो मोसम जवळपास बुडाला. त्यानंतर विम्याची रक्कम वाढली. मागितल्याशिवाय ती वाढली नसती, हे उघड आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी के-टू भर हिवाळ्यात प्रथमच सर झाला. ते दहाही जण नेपाळी होते. माथ्याच्या थोडे खाली थांबून, सर्व जमल्यावर, ते एकत्र वर गेले. 'आधी कोण' हा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. कामी रिता शेर्पा २०२५ च्या मे महिन्यात एकतिसाव्या वेळी एव्हरेस्टवर पोहोचला.

कांचनजंगाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. सिक्कीमच्या लोकांना हे शिखर पूज्य असल्याने १९५५ मध्ये पहिल्यांदा वर गेलेले जॉर्ज बँड व जो ब्राऊन दिलेल्या शब्दाप्रमाणे माथ्याच्या काही पावले अलीकडेच थांबले. शिखरावर पाय न ठेवता ते सर झाले असे सर्व जगाने मानले.

महाराष्ट्रातून १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर गेले व त्यानंतर अनेक मराठी गिर्यारोहक गेले. परंतु आपल्या दृष्टीने दोन मोहिमा विशेष होत. २५ मे २०१४ रोजी आंध्र-तेलंगणच्या समाजकल्याण निवासी शाळांतील दोन विद्यार्थी, मालावत पूर्णा व साधनापल्ली आनंदकुमार, तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले. पूर्णा ही निजामाबाद जिल्ह्यातील शेतमजूर आदिवासी कुटुंबातील मुलगी, तेव्हा वय तेरा वर्षे अकरा महिने. तिने वर नेलेल्या छायाचित्रांत एक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते. आणि मे २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने पाठवलेल्या मुलांपैकी चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी त्याच माथ्यावर उभे राहिले.

या मुलांना कोणी पाठीवर बसवून वर नेले नव्हते. आधी खडकावर, मग बर्फावर असे त्यांचे कित्येक महिन्यांचे शिक्षण झाले होते. आपल्या वस्तीतील ज्या मुलामुलींना याची आवड आहे त्यांच्यासाठी दार्जिलिंगची वर सांगितलेली संस्था आणि उत्तरकाशी येथील नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग या दोन्ही ठिकाणी सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. जागा मर्यादित असल्याने अर्ज बराच आधी करावा लागतो, आणि डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र जोडावे लागते.